शिआनमधली चाळीस मिनिटं

सहलवाल्यांनी चीनमधल्या शिआन शहराला दीड दिवस दिला होता. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेली मातीची फौज सकाळी पाहिली. दुपारी सातव्या शतकातला पॅगोडा. ह्युएन त्संगानं भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी तो बांधला. हा गृहस्थ महाराष्ट्रातही येऊन गेला होता, हे गाइडला मीच सांगितलं.

मोठ्या मशिदीला उरली चाळीस मिनिटं. अंगणामागून अंगण, झाडं, लाकडी कमानी. घुमट नाहीच. मिनार म्हणावा तर तीन मजली अष्टकोनी मनोरा, छपराची टोकं वर वळलेली. शेवटी निळ्या कौलांचं नमाजाचं दालन. आत फक्त मुसलमानांना प्रवेश.

आमच्या पंचवीस जणांत मुसलमान मी एकटा. शेजारी कॉलेजपासूनचा मित्र. बंद दारं मी पाहिलेली आहेत, भाड्याचं घर शोधताना तर पुष्कळ. पण मला उघडं आणि मित्राला बंद, असं दार पहिल्यांदाच. "जा रे, माझ्या वाटचंही बघून ये," तो म्हणाला. बूट काढताना मला त्याच्याकडे बघवेना.

आत भिंतींवर लाकडात कोरलेलं कुराण, अरबीत आणि चिनीतही. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्यानं सलाम केला. आम्हा दोघांत तेवढा एकच शब्द सामाईक.

बाहेर आलो, तर मित्र माझे बूट सांभाळत पायरीवर बसलेला. "काय काय आहे आत?"

गाइड शिटी वाजवत होता. मी सांगत राहिलो.