जहाजाचा कान



समुद्राची खोली मोजण्याचें जुनें साधन म्हणजे दोरीला बांधलेलें शिसें. किती वाव दोरी पाण्यांत गेली, यावरून नाविक खोली ठरवी. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर अलेक्झांडर बेह्म या जर्मन शास्त्रज्ञानें ध्वनीच्या साहाय्यानें हिमनग ओळखण्याची खटपट केली. तींतूनच प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याची युक्ति निघाली व १९१३ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें.

समुद्रांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर धांवतो. जहाजावरून निघालेला ध्वनि तळावर आपटून ०.०४ सेकंदांत परतला, तर जाऊन-येऊन त्यानें ६० मीटर अंतर कापलें. अर्थात् तळ ३० मीटरांवर आहे.

हिशोब सोपा आहे. अवघड आहे तें ध्वनि सोडणारा व ऐकणारा ट्रान्सड्यूसर बुडाला योग्य जागीं बसविणें. जहाज पाणी कापूं लागलें कीं नाळेपाशीं पाण्यांत हवा मिसळते आणि बुडबुड्यांचा थर बुडाखालून मागें वाहतो. त्या थरांत ध्वनि विखुरतो व विरतो. मागील बाजूस पंख्याचा गोंगाट असतो. म्हणून ही जागा पठाणाजवळ, जहाजाच्या पुढील अर्ध्या भागांत, परंतु नाळेच्या फेसापासून दूर शोधावी. तिच्या अगदीं पुढें पाणी घेण्याचें भोक वा उंचवटा नसावा. बूड उतरतें असेल तर पाचरीसारखा ठोकळा बसवून ट्रान्सड्यूसरचें तोंड सपाट, थेट खालीं ठेवावें. त्यावर रंगाचे जाड थर देऊं नयेत.

जागा चुकली तर शांत बंदरांत यंत्र बिनचूक चालेल आणि खवळलेल्या समुद्रांत, खडक जवळ असतां, मुकें होईल.

दुसरा धोका आंकड्यांचा. यंत्र आपल्या तोंडापासूनची खोली सांगतें. तें तोंड पाण्याखालीं २ मीटर असून यंत्र ४ मीटर दाखवीत असेल, तर पाणी ६ मीटर आहे. पण जहाजाचा सर्वांत खालचा भाग त्या तोंडाच्याहि खालीं १ मीटर असेल, तर त्याच्याखालीं उरलें ३ मीटरच! ही वजाबाकी न करणारा कप्तान ४ मीटरांच्या भरंवशावर जहाज हांकील.

यास्तव जहाज सुक्या गोदींत असतांनाच हीं अंतरें मोजून लिहून ठेवावींत. आणि तें पाण्यांत उतरल्यावर, शांत व उथळ जागीं, यंत्राचा आंकडा त्या जुन्या शिशाच्या दोरीशीं ताडून पाहावा.