‘एवढं तर सगळ्यांनाच दुखतं’ : पाळी, पोटदुखी आणि डॉक्टर

कानात इअरफोन आहेत ना? कारण आजचा विषय घरात स्पीकरवर लागला, तर कोणीतरी हमखास टीव्हीचा आवाज वाढवेल. विषय आहे पाळीतली पोटदुखी. मुलग्यांनो, तुम्हीही थांबा. बहीण आहे, मैत्रीण आहे, उद्या बायको असेल.

आपल्या उलव्यातल्या मुलींना वेगळं सांगायला नको. बामणडोंगरी किंवा खारकोपरची गाडी चुकली की पुढची काही लगेच येत नाही. मग पहिल्या दिवशीही पोटाशी बॅग घट्ट धरून धावायचं, नेरूळला गाडी बदलायची, आणि कोणी विचारलंच तर सांगायचं, ‘ॲसिडिटी झालीय गं.’ घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं: ‘एवढं तर सगळ्यांनाच दुखतं.’

हे वाक्य अर्धं खरं आहे. आज बोलायचंय ते उरलेल्या अर्ध्याबद्दल.

आधी खरा भाग. गर्भाशय म्हणजे एक स्नायू. पाळीत त्याचं आतलं अस्तर सुटतं, तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि ती या स्नायूला आवळायला लावतात. आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून कळ येते. हीच रसायनं आतड्यांनाही डिवचतात. त्या दिवशी जुलाब होतात, मळमळतं, ते यामुळेच. आदल्या दिवशीच्या पाणीपुरीवर आळ घेऊ नका. हे दुखणं साधारण रक्तस्राव सुरू होताना किंवा थोडं आधी येतं आणि एक ते तीन दिवसांत ओसरतं.

यावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खरोखर चालतो, ते काही फक्त आजीचं समाधान नाही. थोडं चालणं, हलका व्यायाम यानेही फरक पडतो. आणि गोळी. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या ती रसायनं बनणंच कमी करतात. म्हणून कळ टिपेला पोचेपर्यंत दात-ओठ खात थांबायचं आणि मग गोळी घ्यायची, यात काही शौर्य नाही. दुखायला लागताच, काहीतरी खाऊन घ्यायची. पण अल्सर, किडनीचा त्रास किंवा वेदनाशामकाने वाढणारा दमा असेल, किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मेफ्टलचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरला होता, आठवतंय? त्यामागे खरी सूचना होती. नोव्हेंबर 2023 मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने सांगितलं होतं की मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते. गोळी घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा. घाबरून अख्खी स्ट्रिप फेकायची गरज नाही, पण मेडिकलवाल्या दादांकडून दर महिन्याला आपल्याच मनाने डोस वाढवत जाणंही बरं नव्हे.

आता जरा बीडला जाऊया. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार बायकांची माहिती घेतली, तेव्हा 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहातली एक! ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला ‘कोयता’ म्हणतात. एक दिवस काम बुडलं की ‘खाडा’, म्हणजे दंड. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. पोट दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली, की कित्येकींना कॅन्सरची भीती घालून सांगितलं गेलं, पिशवी काढून टाका. कित्येकींची तर चाळिशीही झालेली नव्हती.

हे एवढ्यासाठी सांगतेय की मुकाट सोसणं आणि पिशवीच काढणं, या दोन टोकांच्या मध्ये बराच इलाज असतो. त्या बायकांपर्यंत तो पोचलाच नाही. आपल्याकडेही हाफ-डे कापला जाईल म्हणून दुखणं गिळणाऱ्या मुली आहेतच की. आपला खाडा एसीत बसून लागतो, एवढंच.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? गोळी वेळेवर घेऊनही दर महिन्याला कॉलेज किंवा काम बुडत असेल तर. दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, पाळीत शी-शूला जाताना किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर. पूर्वी काही नव्हतं आणि पंचविशीत अचानक सुरू झालं, तर. रक्तस्राव आठवड्याच्या पुढे लांबत असेल किंवा मोठ्या गुठळ्या पडत असतील, तर नक्कीच.

यामागे गाठी असू शकतात, किंवा एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, भलत्याच ठिकाणी वाढणं. जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला हा त्रास असतो. साध्या सोनोग्राफीत तो नेहमी दिसतोच असं नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला आणि कोणी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

‘लग्नाआधी गायनॅककडे?’ हो. सोनोग्राफी पाणी पिऊन, पोटावरून होते. आतून तपासणी तुम्ही हो म्हटल्याशिवाय करायची नसते. ‘लग्न झालं की थांबेल’ असं सांगणाऱ्या मावशींना नमस्कार करा आणि अपॉइंटमेंट घ्या. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या तर घरात कुजबुज होईल, कारण त्या गर्भनिरोधकही असतात. त्यांनी अस्तर पातळ राहतं, म्हणून दुखणं कमी होतं. पुढे मूल होत नाही, ही भीती खोटी आहे.

जाताना मोबाईलमध्ये नोंद घेऊन जा: तारीख, दहापैकी किती दुखलं, किती पॅड लागले, काय बुडलं. डॉक्टरांसमोर बसलं की आपलं निम्मं विसरायला होतं. पैशांची अडचण असेल तर पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे. घरातून निघणंच अवघड असेल तर ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टर मोफत बोलतात.

पण दोन तास सलग दर तासाला पॅड भिजतोय, चक्कर येऊन पडायला होतंय, तापासोबत ओटीपोटात जोरात दुखतंय, किंवा पाळी चुकलीय आणि एका बाजूला अचानक असह्य कळ आलीय, तर नोंदी, अपॉइंटमेंट सगळं राहू द्या. घरातल्या कोणालाही उठवा आणि 108 लावा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.