आधी विंचरा, मग भिजवा



आमच्या घरी आजवर जे कुत्रे झाले, ते सगळे मोती नाहीतर काळू. अंगणात झोपायचे, आमटी-भात खायचे, पावसात भिजायचे आणि पडवीच्या कडेला उभे राहून एकदा जोरात अंग झाडलं की त्यांची आंघोळही झाली आणि अंग पुसूनही झालं. त्यांना विंचरावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलगा पुण्याहून रत्नागिरीला आला तो हातात एक करंडी घेऊन. आत चार महिन्यांचं पिल्लू. ल्हासा अ‍ॅप्सो जातीचं. मुलाला दोन वर्षांसाठी परदेशी जायचं होतं, आणि ‘सांभाळशील ना, आई?’ हा प्रश्न करंडी घरात ठेवून झाल्यावर आला. मे महिन्यात सावरीची बोंडं फुटून कापूस उडत असतो, तसं ते दिसत होतं, म्हणून तिचं नाव मी सावरी ठेवलं.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे 3650 मीटर उंच, हवा कोरडी, थंडी कडाक्याची, पाऊस वर्षाला साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. त्या गावाच्या नावाचं कुत्रं आपल्या पडवीत येईल आणि आपला धडा आपल्यालाच लागू होईल, हे मात्र सुचलं नव्हतं. तिबेटातल्या मठांत आणि घरांत ही कुत्री राखणीला असत. बाहेर दाराशी दांडगे मॅस्टिफ, आणि आत ही बुटकी, तिखट कानांची मंडळी. 1933 साली तेराव्या दलाई लामांनी कटिंग नावाच्या एका अमेरिकी प्रवाशाला या जातीची जोडी भेट दिली आणि तिथून त्यांचं अमेरिकेत बस्तान बसलं. त्यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, जमिनीला टेकेपर्यंत. वरचे केस लांब आणि जाड, आत मऊ लोकर. तिबेटच्या थंडीत ही दुलई वरदानच. रत्नागिरीत पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. इथे ती दुलई जुलैत वाळत घातलेल्या गोधडीसारखी होते. वाळतच नाही.

तर त्या जुलैतली गोष्ट. सावरी तांबड्या मातीत लोळून आली. मी तिला मोरीत उभं केलं, माझ्याच शाम्पूने खसाखसा घासलं, टॉवेलने रगडून पुसलं आणि चुलीजवळ बसवलं. छान गोरीगोमटी दिसायला लागली. आठ दिवसांनी कानामागे हात गेला तर तिथे बोटभर जाडीचा गठ्ठा. काखेत दुसरा. पोटाखाली तर घोंगडीचा तुकडाच शिवल्यासारखा. कंगवा घातला की ती किंचाळायची. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी मशीन लावून सगळे केस उतरवले. गठ्ठ्यांच्या खाली कातडी लाल, ओलसर झालेली, वास येत होता. वरून पांढरीशुभ्र आणि आत ही दशा! घरी आणली तेव्हा मूळच्या सावरीच्या निम्मी दिसत होती, आणि दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘बाई, तुम्ही मुलीचे केस धुण्याआधी विंचरत होता की नाही?’

होते की! दोन वेण्यांच्या काळातली बाई मी. रविवारी शिकेकाईने न्हाऊ घालायचं, तर आधी वेण्या सोडून गुंता काढायचा, मग तेल, मग पाणी. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो, हे आजीने सांगितलेलं. मुलीच्या डोक्याला जे कळत होतं, ते कुत्र्याच्या अंगाला का लागू नसावं? गळून गेलेले मऊ केस बाहेर पडत नाहीत, ते लांब केसांत अडकतात. त्यावर पाणी पडलं आणि वरून टॉवेलने रगडलं, की त्यांचं घोंगडं बनतं. लोकर दाबून घट्ट कशी करतात? पाणी आणि मळणं. मी मोरीत नेमकं तेच केलं होतं.

आपल्या भाषेत याला तयार शब्द आहे, जट. आणि हा शब्द उच्चारला की मला बायकांच्या डोक्यावरच्या जटा आठवतात. देवीची म्हणून वर्षानुवर्षं वागवलेल्या, मानेला ओढ लावणाऱ्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत घालून त्या कापतात. सावरीच्या अंगाला हात लावून बघितल्यावर माझ्या मनात कसलीही शंका उरली नाही. जटेमागे देवी नसते, न फिरलेला कंगवा असतो. असो, विषय कुत्र्याचा आहे.

तेव्हापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पाट मांडला जातो. पाटावर सावरी. पहिले पंधरा दिवस मी कंगवा हातातही घेतला नाही. नुसता पंजा हातात धरायचा, सोडायचा. कानाची पाळी उचलायची, सोडायची. ओठ वर करून दात बघायचे. प्रत्येक वेळी उकडलेल्या कोंबडीचा एक कण. दोन-तीन मिनिटं, बस्स. पिल्लाच्या वयात हात अंगावर फिरायची सवय झाली नाही, तर मोठेपणी दोघांनी धरावं लागतं आणि तिसऱ्याने कंगवा चालवावा लागतो, हे डॉक्टरांचं म्हणणं मी मनावर घेतलं. शाळेत पहिलीच्या वर्गाला पाटीवर रेघोट्या मारायला लावतात, अक्षर नंतर येतं. तसंच.

आता विंचरणं. वरवर ब्रश फिरवला की कुत्रं चमकतं आणि आत जट तशीच राहते. ही सगळ्यात मोठी फसवणूक. म्हणून भांग पाडायचा. पिल्लाला कुशीवर झोपवायचं, डाव्या हाताने वरचे केस उचलून धरायचे, कातडी दिसेल असा भांग पाडायचा, आणि भांगाखालचा केसांचा पट्टा मुळापासून टोकापर्यंत विंचरायचा. मग बोटभर वर दुसरा भांग. असं पोटापासून पाठीपर्यंत चढत जायचं. आधी पिनांचा ब्रश, शेवटी स्टीलचा कंगवा. कंगवा एका बाजूने विरळ दातांचा, दुसऱ्या बाजूने दाट. दाट बाजू मुळापासून अडखळल्याशिवाय निघाली तरच ती जागा झाली म्हणायचं. कोरड्या हवेत केस तुटतात, म्हणून थोडा पाण्याचा फवारा मारतात. कोकणात पावसाळ्यात फवारा हवेतच असतो.

गाठ लागली तर कंगव्याशी कुस्ती खेळू नये. गाठीच्या वरचे केस मुळाशी घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला न लागता आपल्या बोटांना लागते. चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, केस निसरडे होतात, आणि मग बोटांनी पिंजत पिंजत, कडेकडून मोकळं करायचं. कात्री हातात घ्यायची वेळ आली तर गाठ आणि कातडी यांच्यामध्ये आधी कंगवा सरकवायचा आणि कात्री कंगव्याच्या वर ठेवायची. गाठीबरोबर कातडी वर उचलली जाते आणि ती दिसत नाही. कात्रीने कातडी फाटलेलं कुत्रं टाके घालायला येणं, ही डॉक्टरांकडे नवलाची गोष्ट नाही.

जटा कुठे बसतात ते ठरलेलं. कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याच्या खाली, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या मध्ये. घरात असताना पट्टा काढून ठेवला तर गळ्याभोवतीच्या निम्म्या जटा टळतात. आणि एक सूचना, जी मला कुणी वेळेवर दिली असती तर बरं झालं असतं. आठ महिन्यांपासून वर्षाच्या आसपास पिल्लाचे बाळकेस जाऊन मोठेपणीचे येतात. त्या काळात काल विंचरलेलं आज गुंतलेलं असतं. आपलंच काही चुकतंय असं वाटून अनेक जण याच वेळी हात टेकतात. तेवढे तीन-चार महिने दिवसातून दोनदा बसावं. सावरीच्या बाबतीत हे नेमकं दिवाळीत आलं. एका हातात करंज्यांचं सारण आणि दुसऱ्या हातात कंगवा, असे ते दिवस गेले.

आंघोळ. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरते. आणि लस पूर्ण होण्याआधी लहान पिल्लाला पाण्यात घालायचा हट्ट नको, ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. कोमट पाणी, कुत्र्यांसाठीचा शाम्पू. त्यांची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ असते. शिवाय आपली कातडी किंचित आम्ल, त्यांची जवळपास उदासीन, त्यामुळे आपला शाम्पू त्यांना कोरडं करतो आणि मग खाज. कडुनिंब, रिठा, शिकेकाई यांचे सल्ले मला शेजारून भरपूर मिळाले. शिकेकाई डोळ्यांत गेल्यावर काय होतं ते आठवा आणि ज्याला ‘डोळे मिट’ म्हटलेलं कळत नाही, त्याच्या डोक्यावर ती ओतू नका. खोबरेल तेलही नको. आपल्या तांबड्या धुळीला त्याच्याइतकं चिकटायला दुसरं काही आवडत नाही.

घासताना गोल गोल चोळायचं नाही, केसांच्या दिशेने हात फिरवायचा. टॉवेल दाबायचा, रगडायचा नाही. आणि वाळवणं ही खरी आंघोळ. जुलैत ऊन कुठलं? केस वाळवायच्या यंत्राचा सौम्य वारा, हातभर लांबून, आणि वाऱ्याबरोबर ब्रश चालू. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये आपला हात ठेवला की किती तापतंय ते कळतं. मुळाशी ओल राहिली की दोन दिवसांत तो कुबट वास येतो आणि तिसऱ्या दिवशी खाज.

पण पावसाळ्यात रोज फिरून आल्यावर आंघोळ घालायची गरज नसते. फक्त पाय टमरेलभर पाण्याने धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पंजाखालच्या गाद्यांमधले केस कापून टाकले की निम्मी माती घरात येतच नाही, आणि फरशीवर पायही घसरत नाही. शेपटीखालचे केसही कमी ठेवावेत. कारण सांगायला नको.

पाऊस सरला की आघाडा. मंगळागौरीच्या पत्रीत मानाने मिरवणारा हा आघाडा सावरीच्या पोटाखाली पन्नास बिया चिकटवून पाठवतो. त्याच्या मागोमाग सड्यावरची कुसळं. आघाड्याचं बी नुसतं त्रास देतं, कुसळ आत शिरतं. त्याच्या टोकाची रचनाच अशी की पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचकीत किंवा कानात गेलं तर पू होतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिरून आल्यावर पहिलं काम पाटावर. कुत्रं एकाएकी डोकं झाडायला लागलं, मान एका बाजूला कलती धरायला लागलं, तर घरी काडी घालून कोरत बसू नये.

कानांचं एरवीही तेच. आत काडी नाही. दिसतो तेवढा भाग कापसाने पुसायचा, आंघोळीच्या वेळी पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि आठवड्यातून एकदा वास घ्यायचा. हो, वास. आंबूस वास आला की डॉक्टर. डोळ्यांखाली तपकिरी ओघळ येतात, ते अश्रूंतल्या एका रंगद्रव्याचे असतात. रोज ओल्या कापसाने पुसलं आणि कपाळावरचे केस मऊ रिबिनीने वर बांधले की कमी होतात. आम्ही रबर लावून पाहिला. केस तुटले, शिवाय रबर तिने खाल्ला.

शेवटी गोचीड. लांब केसांत ती लपते, पण बोटांना लागते. विंचरताना बोटं कातडीवरून फिरतात, त्याचा हा मोठा फायदा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. रॉकेल, फिनेल अंगाला लावणारे महाभाग अजून आहेत. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते विष पोटात जातं. आणि कोकणातल्या लोकांनी ध्यानात घ्यावं, कुत्र्यावरची गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्यावर नसतेच. रक्त पिऊन फुगलेली मादी उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. जांभ्याला किती भोकं असतात ते तुम्हाला सांगायला नको! एकदा सावरी ताप येऊन जेवेनाशी झाली, तेव्हा रक्त तपासल्यावर गोचीडतापच निघाला. त्यानंतर आम्ही पडवीच्या भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. मानेवर टाकायचं औषध वजन आणि वय बघून डॉक्टरच देतात. ते केसांवर नाही, भांग पाडून कातडीवर टाकायचं, आणि त्याच्या आगेमागे दोन-दोन दिवस आंघोळ नाही.

लोक विचारतात, उन्हाळ्यात गोटाच का करत नाही? कातडीपर्यंत भादरलं तर ऊन थेट लागतं, म्हणून नाही. पण जमिनीवर लोळणारे केस ठेवायची हौसही मला नाही. ती प्रदर्शनातल्या कुत्र्यांना शोभते. दीड-दोन महिन्यांनी सगळीकडून दोन बोटं लांबी ठेवून कापून घेते. परवा मुलाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ती नुकतीच कापून आली होती. तो म्हणाला, ‘आई, हे कुणाचं पिल्लू?’ मी कॅमेरा तिच्याकडे धरला. त्याचा आवाज ऐकून तिने कान टवकारले, फोन हुंगला, आणि जाऊन पाटावर बसली. सहा वाजले होते.