व्यवसायोपचार

व्यवसायोपचार हें नांव ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, आम्ही रोग्यांस धंदा शिकवितों. तसें नाहीं. स्नान, जेवण, लेखन, स्वयंपाक, ज्या कामांनीं माणसाचा दिवस भरतो तीं सारीं येथें व्यवसायच. जन्मानें अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा काढली.

पक्षाघातानें उजवा हात लुळा पडलेल्या एका आजीबाईंवर मी उपचार करीत असें. बोटांत थोडी शक्ति परतली होती; पण सून मोठी प्रेमळ! घास भरवी, वेणी घाली, पदरही तीच सारखा करी. मला भांडावें लागलें तें या प्रेमाशींच. चमच्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड केला, म्हणजे दुबळ्या मुठींत ठरतो. ताटाखालीं ओला रुमाल घातला, म्हणजे तें सरकत नाहीं. पोलक्याची बाही आधीं अधू हातांत चढवावयाची. साधनें एवढींच.

पहिला वरणभात पदरावर सांडला. सून धांवली, मीं तिचा हात धरला. (तिचे डोळे भरून आले होते, हेंहि सांगितलें पाहिजे.) दुसरा घास तोंडांत गेला. आजीबाईंनीं कोणाकडेच पाहिलें नाहीं. चमचा पुन्हा वरणांत बुडविला.