जीवपेशींतील दुभाषी

वसई-विरारच्या किनाऱ्यावर पहाटे ताडावरून उतरविलेली गोड नीरा ऊन चढतांच फसफसूं लागते. तिची ताडी करणाऱ्या सूक्ष्म जीवांत यीस्ट प्रमुख. आज बोलावयाचें आहे तें या यीस्टच्या पेशींतील दुभाष्यांविषयीं.

प्रथिनें कशीं घडवावीं याची आज्ञा जनुकांत चार अक्षरांच्या लिपींत असते. तीन अक्षरांचा एक शब्द. असे शब्द ६४. त्यांपैकीं ६१ शब्द वीस अमिनो आम्लांतील एखादें सुचवितात, उरलेले तीन ‘थांबा’ म्हणतात. परंतु शब्दाची आणि आम्लाची परस्परांशीं ओळखच नसते! ती करून देतो वाहक आर.एन.ए. त्याच्या एका टोंकास आम्ल, दुसरीकडे त्या शब्दाशीं जुळणारीं तीन अक्षरें. अमेरिकेंत रॉबर्ट हॉली यांनीं सुमारे १४० किलो यीस्ट खर्ची घालून अशा एका रेणूचीं ७७ अक्षरें १९६५ सालीं प्रसिद्ध केलीं. अविभक्त पंजाबांत जन्मलेले हरगोबिंद खुराना यांनीं १९७० सालीं त्याचेंच जनुक प्रयोगशाळेंत जुळविलें.

यीस्टमध्यें या दुभाष्यांचीं सुमारे २७५ जनुकें आहेत. कित्येकांच्या अनेक नकला असतात, आणि हीच त्यांची शिल्लक. एखादी नकल बिघडली तरी काम अडत नाहीं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेंतील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. आर्जिनीन आणणारा एक दुभाषी केवळ एकाच जनुकावर विसंबून होता. तें जनुक त्यांनीं काढून टाकलें. यीस्ट जगलें, पण वाढ मंदावली. पुढें दोनशे पिढ्यांच्या आंतच, आर्जिनीनच आणणाऱ्या दुसऱ्या दुभाष्याच्या अकरा जनुकांपैकीं एकांत एक अक्षर पालटलें आणि गेलेल्याची जागा भरून निघाली.

येथें आम्ल तेंच राहिलें. तेंच बदललें असतें तर? तो शब्द ज्या ज्या प्रथिनांत येतो त्या सर्वांत एकदम घोटाळा; म्हणूनच हा संकेत सजीवसृष्टींत जवळजवळ एकच आहे. जवळजवळ, एवढ्यासाठीं कीं तोंडांत पांढरे चट्टे आणणारी कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी त्यास अपवाद आहे. ‘सी-यू-जी’ हा शब्द ताडींतील यीस्ट आणि आपण ल्यूसीन असा वाचतों. तिचा दुभाषी तेथें सेरीन आणतो, आणि क्वचित्, शेंकडा तीनदां, ल्यूसीनही! ही बुरशी अशक्त रुग्णाच्या रक्तांत शिरली तर प्राणावर बेततें. तिचा अभ्यास करण्यासाठीं बाहेरचें जनुक तिच्यांत घालावयाचें, तर त्यांतील ‘सी-यू-जी’ शब्द आधीं बदलून घ्यावे लागतात.