मुंगसाचं अनेकवचन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला "काहीतरी आठवणी सांग" म्हटलं. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, मला भाषण येत नाही. पण एक हिशोब बरीच वर्षं जुळत नव्हता, तो आज तुमच्यासमोर मांडतो.

नववीचा इंग्रजीचा तास आठवा. सर फळ्यावर अनेकवचनं लिहीत होते. टूथचं टीथ, फूटचं फीट, गूसचं गीज. मग त्यांनी विचारलं, "मॉंगूसचं काय होईल?" मी हुशार, पहिल्या बाकावरचा. झटकन उठलो आणि म्हणालो, "मॉंगीज!" सर म्हणाले, "नाही, बस खाली. अजून कोण सांगतो?" माझ्या शेजारचा मित्र उभा राहिला. त्याला मॉंगूस म्हणजे मुंगूस एवढं ठाऊक होतं. तो म्हणाला, "मुंगसं, सर."

वर्ग फुटला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्या दिवसापासून त्याचं नाव 'मुंगूस' पडलं, आणि ते पाडणाराही मीच. लक्षात घ्या, चूक माझीही झाली होती. पण माझी चूक इंग्रजी थाटाची होती, म्हणून मला कोणी हसलं नाही.

पुढं तो मागच्या बाकावर गेला. दहावीला सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा तेच. मग शाळेचं नाव सोडलं आणि बापाबरोबर शेतात उतरला. आपल्यातल्या किती जणांचं असं झालं, ते आज इथं नसलेल्यांना विचारायला हवं. आपल्या वडिलांच्या पिढीला निजामाच्या राज्यात उर्दूनं अडवलं, आपल्याला इंग्रजीनं.

नोकरीत माझी बदली देवळालीला झाली. आपल्याकडून जायचं म्हणजे रोटेगावला गाडी धरायची, मनमाडला बदलायची, नाशिकरोडच्या पुढचं स्टेशन. तिथं लष्कराची छावणी आहे, ती इंग्रजांच्या काळापासूनची. एकदा मुलीच्या इंग्रजी पुस्तकात 'डूलॅली' असा शब्द आला. तिनं अर्थ विचारला, मला येईना. शब्दकोश काढला. अर्थ होता: डोकं फिरलेला, वेडसर. आणि मूळ काय दिलं होतं? देवळाली! आम्ही राहत होतो तेच गाव.

झालं होतं असं. भारतातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. पण त्यांना नेणारी जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. हंगाम चुकला की महिनोन्‌महिने बसून राहायचं. काम नाही, ऊन, हिवताप, दारू. काहींची डोकी खरोखर फिरायची. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायानं 1936 साली छापलेल्या आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. शिपाई म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! घरच्या ओढीनं झुरणाऱ्या माणसांची थट्टा झाली आणि एका गावाचं नाव वेडेपणाला कायमचं चिकटलं. इंग्लंडात आजही लोक हा शब्द सहज बोलून जातात. देवळाली कुठं आहे, ते त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

त्या रात्री मी कोश मिटला नाही. डंगरी पाहिला. मुंबईच्या डोंगरी भागावरून नाव पडलेलं जाडंभरडं कापड. ते खलाशांच्या अंगावर चढलं आणि इंग्रजीत गेलं. टीपॉय पाहिला. आपण त्याला साहेबाचं फर्निचर समजतो. तो खरा तिपाई, म्हणजे तीन पायांचा, आपल्या तिवईचा भाऊ. इंग्रजांना त्यात 'टी' ऐकू आला, त्यांनी त्याचं चहाशी नातं जोडलं, आणि आपण तो चार पायांचा करून परत घरात आणला.

मग भीतभीत मॉंगूस काढला. तिथं लिहिलं होतं: मूळ मराठी, मुंगूस. कन्नड आणि तेलुगूतही या शब्दाची भावंडं आहेत, पण इंग्रजांनी तो उचलला तो आपल्याकडून, सतराव्या शतकात. गूस म्हणजे बदक जातीचा पक्षी, त्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही. म्हणूनच त्याचं अनेकवचन मॉंगीज होत नाही, मॉंगूसेस होतं. म्हणजे त्या तासाला मी शब्दाच्या कुळाचा पत्ताच चुकलो होतो. माझा मित्र मात्र थेट त्याच्या घरी जाऊन उभा राहिला होता.

आणखी एक सांगतो. 1886 साली यूल आणि बर्नेल या दोन ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या अशा शब्दांचा जाडजूड कोश काढला. त्याचं नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. हे कुणा माणसांचं नाव नाही. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानाला तसा ऐकू आला. त्यांनी आपले शब्द वेडेवाकडे उच्चारले, तर त्याचा कोश झाला. आपल्या पोरानं त्यांचा शब्द वेगळा उच्चारला, तर त्याची शाळा सुटली.

हे सगळं कळूनही मी गप्प राहिलो. वैजापूरला यायचो, नारंगीच्या पुलावरून जायचो, बाजारात तो भेटायचा आणि मी हाक मारायचो ती "काय मुंगूस!" हीच. तो हसायचा. तो का हसायचा हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. सकाळी चहाच्या वेळी मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे सरांनी मला एखादा मार्क तरी द्यायला पाहिजे होता रे."

मित्रा, मार्क देणारा मी कोण? पण त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं. तुझी सगळ्यांसमोर थट्टा केली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो. यापुढं तुला तुझ्या नावानंच हाक मारीन.

आणि तुम्हा सगळ्यांना एकच विनंती. आता आपली नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. उद्या एखादं पोर शब्द चुकलं तर हसू नका. आधी विचारा, तुला असं का वाटलं? कदाचित त्याचंच बरोबर असेल.