बोट सामाईक, खेळ सर्वांचा



आज ज्या खेळाविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्याचे नाव ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल. खेळाचे नाव वॉटर स्कीइंग. पायांत दोन लांब फळ्या अडकवायच्या, हातात दोरीची मूठ धरायची, दोरीचे दुसरे टोक मोटारबोटीला बांधलेले असते. बोट निघाली की तिच्यामागे पाण्यावर उभे राहून सरसर जायचे. आपण म्हणाल, "मास्तर, आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही पाण्यावर उभं राहायच्या गोष्टी काय सांगता?" प्रश्न रास्त आहे. परंतु मला सांगायची आहे ती या खेळाच्या खर्चाची गोष्ट. दिवसभर नोकरी करणाऱ्या साध्या माणसाने इतका महागडा खेळ कसा गाठला, ते ऐकाल तर त्यात आपल्या ओळखीचे बरेच काही सापडेल.

माझा एक भाचा आहे, थोरल्या अक्काचा मुलगा. गाव कृष्णाकाठचे. लहानपणी स्वारी उन्हाळाभर विहिरीत असायची. दहावीच्या परीक्षेच्या आधी आठवडाभर मी गावी गेलो, तर पुस्तक उपडे टाकून हा विहिरीवर! मी त्याला कान धरून वर काढले आणि चार पोरांदेखत म्हणालो, "पोहून पोट भरत नाही." तो काही बोलला नाही. मीही ते विसरून गेलो. पुढे तो शिकला, इंजिनियर झाला आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका कारखान्यात नोकरीला लागला.

विस्कॉन्सिन हा तळ्यांचा मुलूख. हिवाळ्यात ही तळी अशी गोठतात की माणसे त्यांवर चालतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. माझ्या भाच्याला पहिला हिवाळा फार जड गेला. कारखाना आणि खोली, खोली आणि कारखाना. फोनवर "बरं आहे" यापलीकडे शब्द नाही. अक्का मला म्हणायची, "तू विचार की रे, तुझ्याशी बोलेल." मी विचारले की तेच उत्तर: "बरं आहे, मामा."

मग बर्फ वितळले. मे महिन्यात एके रात्री त्याचाच फोन आला. "मामा, इथं तळ्यावर लोक बोटीमागं फळ्यांवर उभी राहून जातात. मला शिकायचंय. हसू नका." मी हसलो नाही. पण पहिला प्रश्न विचारला तो मात्र मास्तरकीचाच: "खर्च किती?"

खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प झालो. या खेळासाठी खास बांधलेल्या नव्या बोटीची किंमत एक लाख डॉलरच्याही वर जाते. आपल्या रुपयांत सांगायचे तर ऐंशी लाखांहून अधिक. शिवाय तेल, विमा, बोट ठेवायची जागा. पैसे देऊन शिकवणी घ्यावी, तर थोड्या वेळासाठी बरीच रक्कम मोजावी लागते, आणि शिकाऊ माणसाचा बहुतेक वेळ पाण्यात पडण्यात जातो. मी म्हणालो, "बाबा, हा धनिकांचा खेळ. नाद सोड."

श्रोते हो, इथे मी चुकलो. हा खेळ निघाला तो मुळी धनिकांच्या घरातून निघालाच नाही. विस्कॉन्सिनला लागून मिनेसोटा राज्य आहे. दोन्हींच्या सीमेवर मिसिसिपी नदीचे पात्र एके ठिकाणी इतके रुंदावते की त्याला पेपिन सरोवर म्हणतात. त्या काठच्या लेक सिटी नावाच्या गावात राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. बर्फावर फळ्या बांधून घसरतात, मग पाण्यावर का नको, असे त्याने मनात घेतले. पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, बुडाला. बर्फावरच्या फळ्या बांधून पाहिल्या, बुडाला. शेवटी लाकडाच्या वखारीतून पाइनच्या दोन फळ्या आणल्या, आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद. आईच्या तांब्याच्या भांड्यात टोके उकळून मऊ केली आणि वर वाकवून आवळून ठेवली. पाय अडकवायला चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या. दोरी घेतली ती खिडकीच्या तावदानाची. मुठीसाठी लोहाराकडून लोखंडी कडे करून घेतले. बोट थोरला भाऊ चालवी. पुष्कळ वेळा पडल्यावर त्याला उमगले की अंग मागे झुकवून फळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवली पाहिजेत. 2 जुलै 1922 रोजी तो पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणीस वर्षे पूर्ण व्हायची होती.

पुढची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. सॅम्युएलसनने आपल्या युक्तीचे पेटंट घेतले नाही. फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने 1925 मध्ये अशा फळ्यांचे पेटंट घेतले, आणि खेळाचा जनक म्हणून अनेक वर्षे भलत्यांचीच नावे घेतली जात. सॅम्युएलसन पुढे टर्की कोंबड्या पाळून संसार करीत होता. 1963 मध्ये एका वृत्तपत्राच्या वार्ताहर बाईंना लेक सिटीत त्याच्या जुन्या फळ्या दिसल्या, तेव्हा चौकशीला सुरुवात झाली. अखेर 1966 मध्ये अमेरिकेतील या खेळाच्या संघटनेने त्याचा मान मान्य केला. तात्पर्य, हा खेळ वखारीतल्या फळीतून आणि आईच्या भांड्यातून निघाला आहे.

आता माझ्या भाच्याने काय केले ते सांगतो. कारखान्यात त्याच्याच पाळीवर काम करणारा एक गृहस्थ गावातल्या स्की-मंडळाचा सभासद होता. विस्कॉन्सिनमध्ये अशी मंडळे गावोगावी आहेत. मिनोक्वा या गावचे मंडळ तर 1950 पासून चालू आहे. उन्हाळ्यात गावाला आणि पाहुण्यांना खेळ करून दाखवायचे, बघणाऱ्यांनी स्वखुशीने काही टाकले तर घ्यायचे, गावातल्या दुकानदारांकडून मदत मिळवायची, आणि राहिलेला खर्च वर्गणीतून काढायचा. बोट मंडळाची. चालवणारे, दोऱ्या ओढणारे, कपडे शिवणारे, सगळे गावातलेच. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी दुकानदार.

त्या गृहस्थाने भाच्याला विचारले, "काय काय करता येतं तुला?" हा म्हणाला, "यंत्र दुरुस्त करता येतं, आणि पोहता येतं." झाले! पहिले दोन आठवडे त्याने बोटीच्या इंजिनाला हात लावला, ओल्या दोऱ्या गुंडाळल्या, धक्क्याच्या फळ्या बदलल्या. मोबदल्यात शिकणे फुकट. मला हे सांगताना तो म्हणाला, "मामा, ही आपली सावडच की!" खरेच आहे. पेरणीला तुमचे बैल आमच्या रानात, उद्या आमचे तुमच्या रानात. सामाईक विहिरीवर चार भावांच्या पाळ्या. ऐंशी लाखांची बोट एकट्याच्या दारात उभी राहिली तर आठवड्यातून दोन तास चालते आणि बाकी वेळ व्याज खाते. साठ जणांची झाली, की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च नोकरदाराच्या आवाक्यात येतो.

या खेळाची घडणही अशी आहे की तो एकट्याने खेळताच येत नाही. एक बोट चालवायला, एक फळीवर, आणि तिसरा बोटीत मागे तोंड करून बसलेला. फळीवरच्या माणसावर नजर ठेवणे हे या तिसऱ्याचे काम. विस्कॉन्सिनमध्ये हा तिसरा माणूस कायद्यानेच लागतो, आणि सूर्यास्तानंतर खेळायला मनाई असते. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू जात नाही, म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जुळवले म्हणजे मी सुखरूप आहे.

शिक्षक मित्रांसाठी थोडे शास्त्र सांगतो. चपटा खडा पाण्यावर तिरपा भिरकावला तर तो बुडत नाही, टप्पे घेत जातो. फळीचेही तेच. तिचे टोक वर असते, त्यामुळे पुढे जाताना ती पाणी खाली दाबते आणि पाणी तिला वर ढकलते. पुरेसा वेग आला की ही ढकल माणसाचे वजन तोलून धरते. नवख्याला बोटीचा वेग तासाला सुमारे 30 ते 40 किलोमीटर पुरतो. सुरुवात पाण्यात बसूनच करायची: अंगात तरंगणारे जाकीट, गुडघे छातीशी, हात सरळ, फळ्यांची टोके पाण्याबाहेर. बोटीने ओढले की आपोआप वर यायचे. नवखा माणूस घाई करतो. दोरी छातीशी ओढतो आणि लवकर उभा राहू पाहतो, की पडलाच. आणि पडल्यावर दोरी सोडायची असते. पुष्कळांचा हात हेच विसरतो, आणि मग तोंडावर पाण्याचा मारा होतो. भाचा सांगत होता की पहिल्या तीन आठवड्यांत त्याने तळ्याचे निम्मे पाणी प्याले असावे.

ज्यांच्या गावी असे मंडळ नाही, त्यांच्यासाठी दुसरी एक सोय आहे. जर्मनीत ब्रुनो रिक्सेन नावाच्या अभियंत्याने 1960 च्या सुमारास बोटच काढून टाकली. तळ्याभोवती उंच खांब उभे केले, त्यांवरून पोलादी तारेचा फेरा फिरवला, आणि तो विजेच्या मोटरीवर चालवला. आपल्या रहाटगाडग्याच्या माळेला जशी गाडगी, तशी त्या तारेला दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीमागे एक माणूस. एकाच मोटरीवर आठ-दहा जण एका वेळी फिरतात. तासाप्रमाणे पैसे भरायचे, फळ्याही तिथेच भाड्याने मिळतात. जर्मनीत अशी बरीच तळी आहेत. इथेही युक्ती तीच: ओढणारे यंत्र एक, खेळणारे अनेक.

आता आपल्याकडचे थोडे. गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावर बोटीमागे फुगवलेल्या नळ्यांवर बसवून फिरवतात. फळीवर उभे राहायला शिकवणाऱ्या जागा विरळ. म्हणून हे भाषण ऐकून कोणी धरणाच्या पाण्यात परवानगीवाचून बोट घालू नये, आणि मोटरसायकलला दोरी बांधून कालव्यात तर मुळीच उतरू नये. आपल्यासाठी पहिली पायरी पोहण्याची आहे. नदीकाठच्या गावात राहून पोहता न येणारी मुले मी पाहिली आहेत, आणि पुराच्या दिवसांत त्याची किंमत काय पडते तेही पाहिले आहे. गावात पट्टीचे पोहणारे चार-दोन जण असतातच. शाळेने त्यांना बोलावले, उन्हाळ्यात रोज तासभर पाळी लावून मुलांना शिकवले, तर त्याला लाखांचा खर्च येत नाही.

भाच्याचे उरलेले सांगून संपवतो. जुलैमध्ये तो उभा राहिला. तिकडे त्या दिवसांत उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो, त्यामुळे कारखाना सुटल्यावरही सराव होई. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने एक फोटो पाठवला. बोटीमागे माणसांचा मनोरा: खाली एक रांग, तिच्या खांद्यांवर दुसरी, सर्वांत वर एक लहान मुलगी. आपली दहीहंडीच, फक्त पायांखाली जमिनीऐवजी पळते पाणी. खाली लिहिले होते, "डावीकडून तिसरा मी. खालच्या थराला."

त्या रात्री फोनवर तो पाऊण तास बोलला. मनोऱ्यात वर कोण, शेजारी कोण, कोणाच्या घरी जेवायला गेला, कोणाची आई आजारी आहे. "बरं आहे" हे शब्द एकदाही आले नाहीत. शेवटी मी म्हणालो, "अरे, विहिरीवर मी तुला एकदा काही बोललो होतो." तो थोडा थांबला आणि म्हणाला, "पोहून पोट भरत नाही, हे खरंच आहे, मामा. पण पोट भरल्यावर माणसानं करायचं काय, हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. या मे महिन्यात मी अक्काकडे गेलो, आणि त्याच विहिरीत, पाठीला मोकळा डबा बांधून, पोहायला शिकू लागलो. वय चव्वेचाळीस. काठावर पोरे हसत होती. त्यांतल्या एकाने दोरी धरली होती, आणि तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "सर, हात सरळ ठेवा. घाई करू नका."